गोंगाट, गुणवत्ता आणि नववं गाणं

वर्षावासातल्या एका पौर्णिमेची गोष्ट. संगमेश्वरजवळच्या आमच्या बौद्धवाडीत वंदना झाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन झालं. बाहेर पाऊस असा कोसळत होता की कुणाचा पाय घराकडे वळेना. शास्त्री आणि सोनवी, दोन्ही नद्या फुगलेल्या. आम्ही विहाराच्या पडवीत बसून राहिलो. मुंबईहून आलेल्या एका पुतण्याने छोटा स्पीकर काढला आणि एक अल्बम लावला : 'द प्रोपगंडा मशीन'. मुंबईच्या साहिल मखिजाने 'डेमनस्टीलर' या नावाने २०२३ साली काढलेला. प्रकार, टेक्निकल डेथ मेटल.

दहा सेकंद झाली नाहीत तोच आबा ओरडले, "अरे बंद कर तो गोंगाट! कोनाचा गला दाबलायस?"

सगळे हसलो. पोरगा हसला नाही. म्हणाला, "आबा, तुम्ही ऐकलंत कुठं? तुम्ही नुसते दचकलात."

हे आम्हाला लागलं. कालामांना बुद्धांनी काय सांगितलं होतं? ऐकीव आहे, परंपरेने आलं आहे, गुरू सांगतो आहे, एवढ्यावर काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. स्वीकारायला लागू असलेला हा नियम नाकारायला लागू नाही का? मग ठरलं. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा ऐकायचा आणि मगच मत द्यायचं. मत कारणांसहित द्यायचं.

आधी 'गोंगाट' या शब्दाचा हिशेब करू. हा शब्द आम्हाला नवा नाही. जयंतीच्या मिरवणुकीत वाजलं की गोंगाट, दुसऱ्याच्या उत्सवात वाजलं की परंपरा. डेथ मेटलमधला गायक पोटातून गुरगुरतो, शब्द कळत नाहीत, हा आबांचा मुख्य आक्षेप. पण न कळणाऱ्या संस्कृत मंत्रापुढे पिढ्यान् पिढ्या हात जोडायला लावलेच होते ना? तिथे न कळणं पवित्र आणि इथे न कळणं असभ्य, असं कसं? शब्द कळत नसतील तर ते मिळवून वाचावेत. आम्ही वाचले.

आता 'टेक्निकल' म्हणजे काय? डेथ मेटलचं मोठं केंद्र अमेरिकेतलं फ्लोरिडा. तिथल्या 'डेथ' या बँडचा १९९१ सालचा 'ह्युमन' हा या वाटेवरचा एक महत्त्वाचा अल्बम. ताल मध्येच मोडतो, मात्रा बदलतात, ड्रमर दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो, गिटारवर एका दमात असंख्य स्वर येतात. इथे चूक लपत नाही. एक हात मागे पडला की सगळं कोसळतं.

म्हणजे ही 'मेरिट'ची परीक्षाच झाली. आणि मेरिट हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात, कारण तो आमच्या तोंडावर फेकून मारलेला शब्द आहे. या संगीतापुरतं एक मात्र मान्य करावं लागेल : बोटांचा वेग वंशाने मिळत नाही, सरावाने मिळतो. पण सरावाला लागतं काय? गिटार, अँप्लिफायर, आवाज बाहेर जाणार नाही अशी खोली, रिकामा वेळ. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे दोन पेडलांचा ड्रम कुठे ठेवणार? साधनं कमी असताना वाट काढणारेही आहेत. जर्मनीतल्या तुर्की वंशाच्या मुहम्मद सुइचमेझने १९९९ साली 'नेक्रोफॅजिस्ट'चा पहिला अल्बम जवळजवळ एकट्याने केला. ड्रमर नव्हता, तर ड्रम मशीन वापरलं. आज तो अल्बम या प्रकारात मानाचा आहे. पण एकाने भिंत ओलांडली म्हणून भिंत नव्हतीच असं होत नाही.

तीनदा ऐकून झाल्यावर आमचं मत असं. वादन अव्वल. वेगवेगळ्या गाण्यांना वेगवेगळे परदेशी ड्रमर आणि बासवादक आहेत, तरी अल्बम एकसंध राहतो. गुरगुरीतून मध्येच मोकळ्या गळ्याचा सूर वर येतो तेव्हा पोरंच काय, आबाही मान हलवायला लागले. उणीव एकच : सगळंच सारख्या जोराने आदळतं, श्वास घ्यायला जागा कमी. विषय द्वेषाचा, अपप्रचाराचा, हुकूमशाहीचा. एका गाण्याचं नावच 'द अँटी-फॅसिस्ट'. आजच्या काळात हे उघडपणे म्हणायला हिंमत लागते. पोरगा खूश झाला. आम्ही दहापैकी आठ गुण द्यायच्या बेतात होतो.

तेवढ्यात वाडीतल्या एका मुलीने विचारलं, "याच माणसाचा 'दशावतार' ऐकलात का?"

मखिजाचा 'डेमोनिक रेझरेक्शन' हा २००० साली मुंबईत सुरू झालेला बँड. त्यांचा 'दशावतार' २०१७ चा. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण. आणि नववं गाणं? बुद्ध.

पडवीत शांतता पसरली. नुकतीच त्रिसरण-पंचशील घेतलेली माणसं आम्ही.

ही यादी काही या बँडने रचलेली नाही. बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या 'गीतगोविंदा'तही बुद्ध अवतारांत बसवलेला आहे. भागवत पुराण तर सांगतं की असुरांना भुलवण्यासाठी विष्णू बुद्ध होऊन येईल. म्हणजे आपला शास्ता त्यांच्या लेखी फसवण्यापुरता! म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच गोष्टीवर आहे. बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचं तिथे साफ नाकारलं आहे आणि त्याला खोटा प्रचार म्हटलं आहे. प्रचार! ज्याच्याविरुद्ध हाच कलावंत सहा वर्षांनी अख्खा अल्बम करतो, त्याच यंत्राचा एक फार जुना पुर्जा त्याच्याच नवव्या गाण्याच्या जागेवर बसलेला आहे.

आणि त्या यादीची चिरफाड तर जोतीरावांनी १८७३ सालीच 'गुलामगिरी'त केली होती : मत्स्यापासून परशुरामापर्यंत, एकेक अवतार घेऊन. चिरंजीव आहेस ना, मग हजर हो, असं जाहीर पत्रच त्यांनी परशुरामाला लिहिलं. ज्या कोकणाला उठता-बसता परशुरामभूमी म्हटलं जातं, तिथे बसून आम्ही हे ऐकत होतो. वामनाचं गाणं लागलं तेव्हा आम्हाला बळीराजा आठवणारच.

पोरगा म्हणाला, "काका, गोष्ट म्हणून घेतलंय त्याने. संगीत बघा ना."

उत्तर आबांनी दिलं. त्यांचे वडील गावच्या पालखीपुढे ढोल वाजवत. हात असा की पंचक्रोशीतून बोलावणं येई. पण उभं राहायचं देवळाच्या पायरीखाली. धम्म घेतला आणि त्यांनी ते वाजवणं कायमचं सोडलं. "हात काय त्या दिवशी वाईट झाला व्हता?" आबा म्हणाले. "हात त्योच व्हता. कोनापुढं वाजवायचा, ह्यो सवाल व्हता."

मित्रांनो, एवढंच आम्हाला सांगायचं आहे. कलाकृतीला दोन रकाने असतात. एकात हाताचं कसब लिहा, प्रामाणिकपणे, पूर्ण गुण देऊन. दुसऱ्यात लिहा : हे कसब काय वाहून नेतं? एका रकान्यातले गुण दुसऱ्यात भरता येत नाहीत. वेगवान वाजवल्याने खोटं खरं होत नाही, आणि विषय आपल्या बाजूचा आहे म्हणून सुमार वादन थोर होत नाही.

विहाराच्या वहीत आमचा निकाल असा नोंदवला आहे. 'द प्रोपगंडा मशीन' : दोन्ही रकान्यांत उत्तीर्ण, जरूर ऐका. 'दशावतार' : पहिल्यात उत्तीर्ण, दुसऱ्यात नापास. माणसाला मात्र आम्ही नापास केलेलं नाही. जो सहा वर्षांत एवढा पुढे आला तो आणखी एक पाऊल टाकू शकतो.

पुतण्याने जाताना विचारलं, तिसरा अल्बम कुणी करायचा? आबांनी बोट त्याच्याकडेच दाखवलं. सध्या त्याच्यासाठी जुना ड्रमसेट घ्यायला वाडीत वर्गणी चालू आहे. पहिले शंभर रुपये आबांचे.

जयभीम!