सांगशाकचा डाव

माणसाने पन्नाशी ओलांडली म्हणजे त्याने कोणते छंद करावेत, याविषयी आपल्या समाजाच्या कल्पना फार निश्चित आहेत. त्याने पहाटे फिरावयास जावे, गच्चीत मोगरा वाढवावा, आणि हिवाळ्यात एखाद्या गाण्याच्या मैफलीत शाल गुंडाळून डोळे मिटून बसावे. एवढे केले की लोक त्याला सुसंस्कृत म्हणावयास तयार असतात. परंतु रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, चष्मा कपाळावर चढवून, नखाएवढ्या सोंगट्या इकडून तिकडे सरकवणारा प्राध्यापक या यादीत कोठेच बसत नाही. माझी पत्नी तर आल्यागेल्याला सरळ सांगते, "आतल्या खोलीत जाऊ नका, तिथे महायुद्ध चालू आहे."

हा नाद मला माझ्या भाच्याने लावला. तो चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याच्या विभागातली बरीचशी यंत्रे जपानी आहेत, आणि ती बिघडली म्हणजे दुरुस्तीला येणारे तंत्रज्ञही जपानी असतात. रात्रपाळी संपवून तो निगडीला माझ्या घरी येतो, दोन तास झोपतो, आणि उठल्याबरोबर टेबल मोकळे करावयास लागतो. आपला मामा इंग्रजीचा प्राध्यापक असूनही काही उपयोगाचे शिकू शकतो, अशी त्याची समजूत आहे. ती मी मोडलेली नाही.

खेळ दिसावयास साधा असतो. पटावर डोंगर, नाले, पायवाटा आणि रान काढलेले असते. त्यावर मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी घरे आखलेली असतात. प्रत्येक सोंगटी म्हणजे सैनिकांची एक तुकडी. तिने किती घरे चालावे, किती दूरवर मारा करावा, हे नियमाने ठरलेले. आणि माऱ्याचा परिणाम काय झाला हे फासे सांगणार. सपाट मैदानावरची लढाई असली तर बुद्धिबळ खेळणाऱ्याला ती लवकर उमगते. जंगलातली लढाई मात्र निराळी. तेथे शेजारच्या घरापलीकडचे काही दिसत नाही. सोंगट्या पालथ्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या पाठीवर फक्त प्रश्नचिन्ह असते. काही प्रश्नचिन्हांखाली मशीनगन असते, काहींखाली काहीच नसते. मी एकदा एका रिकाम्या प्रश्नचिन्हावर चार चाली तोफा डागल्या होत्या. भाचा तेवढा वेळ अत्यंत गंभीर चेहरा करून बसला होता.

या प्रकाराला चांगली कुळी आहे, हे मी पत्नीला अनेकदा सांगितले आहे. चतुरंगाचा पट आपणच जगाला दिला. प्रशियाच्या सैन्यातील राइस्वित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम छापले, आणि तेव्हापासून सेनापती त्याकडे शिक्षण म्हणून पाहू लागले. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर एक पुस्तकच लिहिले. आणि मोठे युद्ध हा किती धांदरटपणाचा मामला असतो हे असल्या खेळाने कळते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले. १९४२ च्या मे महिन्यात, मिडवेच्या स्वारीपूर्वी, जपानी आरमाराच्या अधिकाऱ्यांनीही ती लढाई टेबलावर खेळून पाहिली होती. फाशांचा निकाल प्रतिकूल पडताच ॲडमिरल उगाकी यांनी तो फिरवला, आणि पटावर बुडालेले जहाज पुन्हा तरते केले. जूनमध्ये खऱ्या समुद्रात त्यांची चार विमानवाहू जहाजे बुडाली. तेथे निकाल फिरवणारा कोणी नव्हता.

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी भाच्याने नवा पट आणला. तो विकतचा नव्हता. त्याने स्वतः रेखाटला होता. "मामा, या वेळी मणिपूर," तो म्हणाला. "१९४४ चा मार्च. सांगशाक. तुम्ही टेकडी धरायची, मी जपानी."

मला सांगशाक हे नाव ठाऊक नव्हते. इंफाळ आणि कोहिमा ही नावे ठाऊक होती. २०१३ साली लंडनच्या राष्ट्रीय सैन्यसंग्रहालयाने घेतलेल्या मतदानात त्या लढायांना ब्रिटनच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ लढाईचा मान मिळाला, हेही वाचले होते. परंतु कोहिमाच्या आधी, उखरुलच्या बाजूला, तांगखुल नागांच्या एका गावाच्या टेकडीवर काय घडले ते मी भाच्याकडून ऐकले. जपानी सैन्य चिंदविन नदी ओलांडून डोंगरांतून येत होते. त्याच्या वाटेत पन्नासावी हिंदी हवाई छत्रीधारी ब्रिगेड अचानक सापडली. तिच्यात गुरखे होते, हिंदी छत्रीधारी होते, काही डोंगरी तोफा होत्या आणि जोडीला मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. एक किलोमीटरही लांब नसलेल्या त्या माथ्यावर हे सगळे लोक गोळा झाले. काटेरी तार नव्हती. जमिनीखाली खडक असल्यामुळे खोल खंदक खणता येईनात. विमानांनी टाकलेल्या सामानापैकी बरेचसे शत्रूच्या हद्दीत पडले. २२ मार्चपासून २६ मार्चपर्यंत जपान्यांच्या अठ्ठावन्नाव्या रेजिमेंटने त्या माथ्यावर हल्ल्यामागून हल्ले केले. वायव्येच्या टोकाला अमेरिकन मिशनचे एक चर्च होते. ते एका हातून दुसऱ्या हाती जात राहिले. अखेर २६ च्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि उरलेले लोक अंधारातून रानात उतरले. ज्यांना चालता येत नव्हते ते जखमी मागे राहिले.

म्हणजे लढाई हरली. परंतु कोहिमाकडे जाणाऱ्या सैन्याचे ते दिवस फुकट गेले होते. शिवाय एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ स्वारीचा नकाशा सापडला होता, आणि त्याची नक्कल शत्रूच्या वेढ्यातून इंफाळला पोचली होती.

"चाकणसारखंच की," मी म्हणालो. भाचा रोज कामावर जातो त्या चाकणच्या वस्तीत संग्रामदुर्गाचे पडके बुरूज अजून उभे आहेत. १६६० साली शाएस्ताखानाच्या अफाट फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने त्या भुईकोटापुढे पन्नासाहून अधिक दिवस अडकवून ठेवले होते. किल्ला शेवटी गेला; पण गेलेले दिवस खानाला परत मिळाले नाहीत. भाच्याने मान हलवली आणि फासे माझ्यापुढे ठेवले.

डाव पंधरा चालींचा होता. सकाळ, दुपार आणि रात्र अशा प्रत्येक दिवसाच्या तीन. पहिल्या दोन दिवसांत मी फार चांगला खेळलो, हे मला सांगितलेच पाहिजे. चर्चच्या बाजूला मी मशीनगन लपवली होती; भाच्याच्या तीन तुकड्या तिच्यासमोर गारद झाल्या. मला आनंद झाला. मी शाकाहारी मनुष्य आहे, घरातले झुरळदेखील कागदावर उचलून बाहेर सोडतो; पण त्या तीन सोंगट्या पटावरून उचलताना माझ्या मनाला काडीचाही खेद झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा जोर वाढला. तेव्हा मी एक तुकडी पुढच्या उतारावर ढकलली. ती परत येणार नाही हे मला ठाऊक होते. "गेली तर जाऊ दे, एक चाल तर मिळेल," असे मी मोठ्याने म्हणालो. पटाकडे वरून पाहणाऱ्याला असा हिशेब किती सोपा वाटतो! त्या उतारावरच्या माणसाला फक्त पुढचे झाड दिसत असते.

आणि मग भाच्याने नियमांचा कागद पालटला. "मामा, तिसऱ्या दिवसापासून पाणी."

नियम असा होता की प्रत्येक तुकडीसाठी फासा टाकावा; एक किंवा दोन पडले तर ती तहानेने निकामी. मी फासे टाकले. एका चालीत माझ्या चार सोंगट्या आडव्या झाल्या. मी चिडलो. शत्रूने गोळी झाडली नाही, मी काही चूक केली नाही, आणि चार तुकड्या गेल्या! "हा कसला रे नियम?" मी विचारले.

"टेकडीवर पाणी नव्हतं, मामा," तो शांतपणे म्हणाला.

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

माझे आजोबा खेड तालुक्यातले शेतकरी. तरुणपणी ते पलटणीत गेले होते, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. ते फारसे बोलत नसत. रात्री त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या असे, वर फुलपात्र पालथे घातलेले. मी त्यांच्याजवळ निजत असे. मध्यरात्री ते जागे होत आणि हात लांबवून तांब्याला स्पर्श करीत. पाणी पीत नसत; तो तेथे आहे एवढे पाहून पुन्हा निजत. पाहुण्यांच्या पेल्यात उरलेले पाणी कोणी अंगणात फेकले तर ते काही बोलत नसत, पण उठून जात. मी दहा वर्षांचा असताना त्यांना विचारले होते, "आजोबा, तुम्ही किती जपानी मारले?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथं पानी नव्हतं, बाळा." म्हाताऱ्याला प्रश्न नीट ऐकू आला नाही, असे मला वाटले. मी पुन्हा विचारले नाही.

मी एम. ए. ला असताना ते वारले. त्या वर्षी मी पहिल्या महायुद्धातील इंग्रजी कवितेवर निबंध लिहीत होतो. पुढे तोच विषय मी तीस वर्षे शिकवला. फ्रान्समधल्या खंदकांतला चिखल, विषारी वायू, ओवेन आणि ससून यांची दुःखे मी इतक्या तन्मयतेने सांगत आलो की विद्यार्थ्यांचे डोळे भरून येत. ते सर्व खरे होते आणि सांगण्यासारखेच होते. परंतु माझ्या घरात एक मनुष्य रात्री तांब्या चाचपून पाहत होता, आणि त्याची कविता कोठेच छापलेली नसल्यामुळे मला ती वाचता आली नाही.

"तुला हे कसं कळलं?" मी भाच्याला विचारले.

"आईकडच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांचा सुटकेचा दाखला आहे," तो म्हणाला. "त्यावर बटालियनचा आकडा आहे. चौथी. मग ती कुठं लढली ते शोधलं, आणि पट काढला."

ती पेटी मी लहानपणापासून पाहिली होती. तिच्यावर बसून मी अभ्यासही केला होता.

या माणसांना आपण का विसरलो, याचा मी त्या रात्री विचार करीत होतो. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी लोक स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. जगाच्या इतिहासात इतके मोठे स्वेच्छासैन्य दुसरे नाही. परंतु ते ज्या राज्यासाठी लढले ते आपले नव्हते. सांगशाक पडल्यावर तीन आठवडेही झाले नसतील, तोच १४ एप्रिल १९४४ ला त्याच मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद फौजेने आपला झेंडा उभारला. आपले अंतःकरण त्या झेंड्याकडे गेले, आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्यामुळे टेकडीवरच्या शेतकऱ्याच्या पोराला घरी येऊन काय सांगावे हेच कळेनासे झाले. विजयी म्हणावे तर कोणाचा विजय, आणि पराभूत म्हणावे तर तो जिवंत परत आलेला. कोहिमाच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावे कोरलेली आहेत. जे परत आले त्यांची नावे कोठे कोरणार? ती सुटकेच्या दाखल्यावर, पत्र्याच्या पेटीत राहिली.

तर मग असल्या गोष्टीचा खेळ करावा काय? ही शंका मला त्या दिवसापासून सोडीत नाही. माणसे जेथे तहानेने तडफडली तेथे फासे टाकावेत, हे सभ्यपणाचे दिसत नाही. मी एकदा तसे भाच्याला बोलूनही दाखवले. त्याने उत्तर दिले नाही. पण मला स्वतःलाच वाटते की खेळ नसता तर मी ते वाक्य कधीच ऐकले नसते. पुस्तकातली तहान मी समजून घेतली असती आणि पान उलटले असते. पटावर ती माझ्या आड आली. तिने माझा सुंदर बेत मोडला, म्हणून मी चिडलो; आणि चिडलो म्हणून विचारले. चाळीस वर्षांपूर्वी विचारावयाचा प्रश्न मी अखेर फाशांच्या नादाने विचारला.

त्यानंतरच्या आठवड्यात वर्गात ओवेनची कविता उघडण्यापूर्वी मी मुलांना विचारले, तुमच्यापैकी कोणाच्या घरातले कोणी त्या दुसऱ्या युद्धात गेले होते काय? आमच्या वर्गात खेड-मावळचीही मुले असतात आणि कारखान्यांच्या निमित्ताने सातारा, सांगली, बीडहून आलेल्या घरांचीही. सात हात वर झाले. कोठे लढले, हे एकालाही सांगता आले नाही. मी त्यांना घरी जाऊन विचारावयास सांगितले. पेट्या असतील तर उघडावयास सांगितल्या.

भाचा अजून येतो. मागच्या रविवारी आम्ही बाजू बदलून तोच डाव पुन्हा मांडला. पत्नीने नेहमीप्रमाणे टेबलाच्या कडेला पाण्याचे दोन पेले ठेवले आणि युद्धाची चौकशी केली. भाचा नियमांचा कागद काढून पेन्सिलीने काही खोडावयाच्या बेतात होता. "मामा, हा पाण्याचा नियम काढून टाकू या का?" तो म्हणाला. "प्रत्येक सोंगटीला फासा टाकायचा म्हणजे खेळ फार लांबतो."

"लांबू दे," मी म्हणालो. "तेवढा राहू दे."