आत्याचा एक शब्द

लेखकाला एकान्त हवा असतो, असें मी कित्येक वर्षें मानीत आलों. आमचें घर तेरा माणसांचें. म्हणून माडीवरची एक खोली मीं आग्रहानें मागून घेतली आणि सकाळीं मी लिहावयास बसलों कीं दाराशीं कोणी बोलूं नये, असा दंडक घालून दिला. जिन्याशीं जपमाळ घेऊन बसणाऱ्या आत्यानें त्या दिवसापासून आपली जागा बदलली. तिनें तक्रार केली नाहीं. मींही चौकशी केली नाहीं.

पुढें एकदां लहानपणच्या स्वयंपाकघरावर कांहीं लिहिलें आणि रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांना वाचून दाखविलें. 'आईनें उकळत्या पाण्यांत तांदूळ टाकले' या वाक्यावर आत्या हंसली.

"अरे, टाकायला तो काय केर आहे? आधण आलं कीं तांदूळ वैरायचे. जात्यांतही दाणे वैरतात, मुठीमुठीनं. अन्न कुणी टाकतं का?"

मी वरमलों. खोलींत जाऊन मोल्सवर्थचा कोश उघडला. १८३१ सालीं निघालेला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें ६०,००० शब्दांपर्यंत वाढलेला तो कोश. त्यांत 'आधण' होतें, 'वैरणें'ही होतें. एका परक्या माणसानें पंडितांना हाताशीं धरून आपल्या लोकांच्या तोंडचे शब्द वेंचले. आणि मी घरांतल्या तोंडाला कुलूप घालून शब्दांची वाट पाहत बसलों होतों!

आतां कुकरांत तांदूळ व पाणी एकदमच घालतात, आणि जातें परसांत पालथें पडलें आहे. काम गेलें कीं त्याचें क्रियापदही मागोमाग जातें. त्याबद्दल कोणास दोष द्यावा? सूनबाईनें पुन्हां चूल पेटवावी असें मी म्हणणार नाहीं. आत्याही म्हणत नाहीं. धुराचें दुःख तिच्या डोळ्यांना ठाऊक आहे. पण जे शब्द हातांतून गेले, ते निदान कानांत तरी राहावेत.

दुसऱ्या दिवशीं मीं दार उघडें ठेवलें आणि आत्याला जिन्याशीं येऊन बसावयास सांगितलें.

"तुझं लिहिणं मोडेल रे," ती म्हणाली.

मोडतें खरें. त्या सकाळीं अर्धें पानही झालें नाहीं. 'टाकले' खोडून 'वैरले' एवढेंच लिहिलें आणि ऐकत बसलों. आत्याला नव्वदावें वर्ष लागलें आहे. लिहिणें थोडें मागें पडलें तरी चालेल.