मुरड

माझी नात सध्या विलायतेत शिकते. इंग्लंडच्या नकाशात नैऋत्येकडे समुद्रात घुसलेले जे शेवटचे टोक दिसते, तो कॉर्नवॉल परगणा. तेथे फालमथ नावाचे बंदर आहे, त्या गावी ती राहते. मध्यंतरी तिने फोनवर एक चित्र पाठविले आणि खाली लिहिले, 'आजोबा, ओळखा पाहू!' मी चष्मा पुसला, चित्र उजेडाकडे धरले आणि तत्काळ निकाल दिला, 'करंजी. जरा जास्त तळली गेली आहे, आणि करणारीचा हात सढळ दिसतो.'

लगेच तिचा फोन आला. हसू आवरत ती म्हणाली, "आजोबा, ही तळलेली नाही, भट्टीत भाजलेली आहे. आणि गोड तर मुळीच नाही. आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा एक कंद असतो. हिला पेस्टी म्हणतात. एक खाल्ली की जेवण झाले!"

निवृत्त मास्तराला एखादा विषय चघळायला मिळाला की त्याचे चार दिवस बरे जातात. मी त्या पेस्टीची चौकशी सुरू केली. कॉर्नवॉलमध्ये पूर्वी कथलाच्या आणि तांब्याच्या खाणी होत्या. पहाटे खाणीत उतरणाऱ्या माणसाला दुपारी वर येऊन जेवणे शक्य नसे. म्हणून घरची बाई कणकेच्या जाड पारीत सारे जेवण भरून, कड घट्ट मुरडून, ते त्याच्या हाती देई. कोणाची पेस्टी कोणती हे कळावे म्हणून तिच्या एका टोकाला नावाची अक्षरे उमटवीत, असे तिकडे सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात हे खाणकामगार चांदीच्या खाणींवर थेट मेक्सिकोत गेले, आणि त्यांच्याबरोबर पेस्टीही गेली. तेथील पाचुका गावाच्या परिसरात ती आजही 'पास्ते' या नावाने विकली जाते. मात्र तिच्या पोटात आता मिरची शिरली आहे. मिरचीच्या देशात गेल्यावर ती कोण टाळणार?

गंमत वाटली ती तिच्यावरून होणाऱ्या भांडणाची. कॉर्नवॉलच्या शेजारी डेव्हन नावाचा परगणा आहे. पेस्टी मूळची आमची, असे डेव्हनवालेही म्हणतात. त्यांच्याकडे मुरड डोक्यावर घालतात, कॉर्नवॉलमध्ये कडेला. 2011 साली युरोपीय संघाने या पदार्थाच्या नावाला संरक्षण दिले. आता 'कॉर्निश पेस्टी' हे नाव लावायचे तर ती त्याच परगण्यात झालेली हवी, आकार अर्धचंद्राचा हवा आणि मुरड कडेलाच हवी. मुरडीचा न्याय थेट युरोपच्या दरबारात व्हावा, याचे कोणाला हसू येईल. मला आले नाही, कारण तोच तंटा मी आमच्या स्वयंपाकघरात लहानपणी पाहिला आहे.

आमचे घर शहापूरचे, आसनगाव स्टेशनच्या वाटेवरचे. समोर माहुलीचा किल्ला. आईचे माहेर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पलीकडे. हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातले, एकमेकांच्या कुशीतले. दोन्हीकडे पाऊस तोच, भात तेच, भातानंतर ओलीवर घेतलेला वालही तोच. पण शहापूरच्या अंगावरून 1865 सालीच आगगाडी थळ घाट चढून गेली, आणि मुरबाडला माझ्या लहानपणी कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता तेवढा होता. म्हणून आमची आजी आईच्या माहेराचा उल्लेख नेहमी 'आत कुठंतरी' असा करी.

आजीचा पदार्थ पानगी. तांदळाच्या पिठात मीठ, मिरची, जिरे आणि किसलेली काकडी घालून ते सैलसर भिजवायचे. केळीच्या पानाला तेलाचे बोट फिरवून त्यावर थापायचे, वरून दुसरे पान ठेवायचे आणि तव्यावर झाकून दोन्ही अंगांनी भाजायचे. पान करपून काळे होते, आणि त्याच्या शिरा आतल्या पांढऱ्या पानगीवर रेघांसारख्या उमटतात. पावसाळ्यात ताजे म्हावरे नसे, तेव्हा आजी दोन थरांमध्ये कांद्यावर परतलेला सुका जवळा घाली. तसली पानगी फडक्यात बांधून वडील कामावर नेत. ते रेल्वेच्या गँगमध्ये होते, कसाऱ्याच्या अंगाला. रुळाखाली खडी भरून हात काळे झालेले असत आणि पाणी लांब असे. पानाला धरून पानगी खायची आणि पान टाकून द्यायचे, की हाताचा मळ पोटात जात नाही. खाणीतला माणूसही पेस्टीची जाड मुरड धरून खाई आणि धरलेला तुकडा टाकून देई, अशी एक समजूत कॉर्नवॉलमध्ये आहे. ती किती खरी यावर तिकडे वाद आहे. वडिलांच्या पानाबद्दल वादाला जागा नाही.

आईच्या माहेरचा पदार्थ उकडीची तिखट करंजी. आत सोललेल्या वालाचे बिरडे, कांदा आणि सुके खोबरे. पौषातल्या म्हशाच्या यात्रेला बैलगाडीतून निघाले की टोपलीभर अशा करंज्या बरोबर असत. बैलांचा बाजार पाहत, घोंगड्यांच्या राशींमधून हिंडत त्या खायच्या. आई त्यांचे वर्णन करू लागली की आमच्या तोंडाला पाणी सुटे. पण आजीचा कायदा कडक होता, "करंजी सणाची, पानगी कामाची." लग्न होऊन आलेल्या वर्षी आईने एकदा वडिलांना कामावर करंज्या बांधून दिल्या. त्यावर आजी जे बोलली, ते आईने आम्हांला कधी सांगितले नाही. तिने पानगी शिकून घेतली, एवढे खरे.

भाकरीहून वेगळे असे हे जे झाकलेले अन्न आहे, त्याचे मला नेहमी नवल वाटते. गोव्यात श्रावणात हळदीच्या पानात पातोळ्या होतात, आणि नाताळात तिथल्या ख्रिस्ती घरांत डुकराचे मांस भरलेले छोटे पाय होतात, त्यांना एंपादिन्हा म्हणतात. इंग्रजांचा मोठा पाय भांड्यात बसतो, वर झाकण घेतो आणि टेबलावर सर्वांत वाटला जातो. तो घरात राहणाऱ्यांचा पदार्थ आहे. पानगी, करंजी आणि पेस्टी या बाहेर जाणाऱ्याच्या. एकाच माणसासाठी केलेल्या, त्याच्या हाताच्या मापाच्या. त्या जेथे उघडल्या जातात, तेथे करणारी हजर नसते.

मी त्या कशा उघडल्या, किंवा उघडल्या नाहीत, तेच आता सांगायचे आहे.

1963 साली मी कल्याणच्या एका शाळेत अकरावीला होतो. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. बरोबर पानगी. वर्गातली मुले शहरातली. मधल्या सुट्टीत कोणी बेकरीतून पॅटिस आणी, तांबूस, पापुद्र्यांचे, गरम. एके दिवशी मी फडके सोडले आणि करपलेले पान बाहेर काढले. शेजारचा मुलगा म्हणाला, "अरे, हा तर गुरांचा पाला खातो!" सारे हसले. मीही हसलो. ते हसणे मला अजून माफ करता आलेले नाही. त्यांचे नव्हे, माझे.

दुसऱ्या दिवसापासून मी एक युक्ती केली. टिटवाळा सोडले की काळू नदीचा पूल लागतो. गाडी पुलावर आली की मी दारात उभा राहून पानगी पानासकट नदीत टाकी आणि फडके घडी करून पिशवीत ठेवी. दुपारी पाणी पिऊन राही. काळू मुरबाडकडून येते, आईच्या माहेरच्या अंगाने येते, हे भूगोलात मला पाठ होते. तेव्हा भादवा चालू होता. कणगी तळाला गेलेली आणि नवे भात अजून शेतात, असे ते दिवस. आमच्यासारख्या घरांत त्या दिवसांत तांदळाचे पीठ मोजून निघे. घरात बाकीचे नाचणीची आंबील घेत आणि पानगी दोघांनाच मिळे, वडिलांना आणि मला. हेही मला ठाऊक होते.

चार-पाच दिवसांनी आई फडके धुवायला बसली होती. तिने ते उलगडले, उजेडाकडे धरले आणि विचारले,

"पानगी मऊ व्हती का रं?"

"होती की."

"समदी खाल्लीस?"

"खाल्ली."

ती काही बोलली नाही. पुष्कळ वर्षांनी मला उमगले. पानगी उलगडली की पानाची काजळी फडक्याला लागते. त्या फडक्यावर एक काळा डागही नव्हता.

दोन दिवसांनी मी शाळेत फडके सोडले, तर पानच नव्हते. तीन लहानशा करंज्या होत्या, पण पांढऱ्या नव्हेत. उकडून घेऊन मग तव्यावर तेल लावून तांबूस भाजलेल्या. आत बिरडे होते. शेजारच्या मुलाने मान वाकडी करून पाहिले आणि विचारले, "काय आहे रे?"

मी म्हणालो, "पॅटिस."

"असले?"

"आमच्याकडे असेच करतात."

त्याने एक मागितली, मी दिली. ती खाऊन तो दुसरी मागू लागला. तेव्हा मात्र मी हात आखडता घेतला.

त्यानंतर दिवाळीपर्यंत मला रोज त्याच करंज्या मिळाल्या. आजी धुसफुसे, "पोराला रोज सण कशाला?" आई खाली मान घालून पारी लाटीत राही. त्या वर्षी दिवाळीत मात्र आमच्या ताटांत गोड करंजी एकेकच आली. धाकट्या बहिणीने आणखी मागितली, तेव्हा आई म्हणाली, "तेल सरलं." सणासाठी राखून ठेवलेले तेल दोन महिने थेंबाथेंबाने कोठे गेले होते, ते मी जाणून होतो. मी ताटातली माझी करंजी अर्धी मोडली आणि बहिणीला दिली. पश्चात्तापाच्या नावाने माझ्या हातून त्या वेळी एवढेच झाले.

आई गेली तेव्हा शेजारचे एक म्हातारे काका दिवसांना येऊन बसत. ते मुंबईला गिरणीत होते. बोलता बोलता ते म्हणाले, "तुझी आई एकदा माझ्याकडं आली व्हती. म्हणली, भावजी, ते पॅटिस का काय म्हणतात, ते कसं दिसतं? मी हातानं करून दाखवलं, असं चौकोनी, तांबूस, वर पापुद्रं. ती थोडा वेळ गप बसली. मंग म्हणली, चौकोनी मला जमायचं न्हाई. माझ्या हाताला करंजीच येती. पण तांबूस करीन."

मी उठून परसात गेलो. केळीखाली पुष्कळ वेळ उभा होतो.

आमच्या भाषेत करंजीच्या कडेला जे करतात, त्याला मुरड घालणे म्हणतात. हौस मारायची झाली तर तिथेही आपण मुरड घालणे असेच म्हणतो. सासरी आल्यावर आईने माहेरच्या करंजीला मुरड घातली आणि पानगी उचलली. पुढे मुलाला पानाची लाज वाटते हे कळल्यावर तिने रागालाही मुरड घातली आणि करंजी परत काढली. दोन्ही वेळा तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. तिला लिहिता येत नव्हते, त्यामुळे नावाचे अक्षर उमटविणे शक्यच नव्हते. पण माझ्या करंज्यांच्या एका टोकाला ती अंगठ्याने एक खळगा पाडी. घरातल्या करंज्यांना तो नसे. मी विचारले, तर म्हणाली, "तुझ्यात मिरची कमी हाय, वळखाया."

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, मागे वळणे. गौर निघाली की तिला मुरडीचा कानवला देतात, तो तिने पुन्हा मुरडून घरी यावे म्हणून.

पेस्टीचे चित्र पाहून मी नातीला विचारले, "तुझ्या त्या पेस्टीवर अक्षर होते का गं?"

ती म्हणाली, "दुकानातल्या पेस्टीवर कोण अक्षर घालणार, आजोबा?"

यंदा ती दिवाळीला येत आहे. परत जाताना मी स्वतः बिरडे सोलणार आहे आणि सूनबाईंकडून उकड काढून घेणार आहे. मुरड घालायला मात्र मी बसणार. माझ्या मुरडी वाकड्यातिकड्या होतात, आणि घरातले हसतात. हसू देत. एका टोकाला अंगठ्याचा खळगा पाडला म्हणजे झाले. नातीने कारण विचारले, तर मिरची कमी आहे म्हणून सांगेन.