परत आलेला संगणक

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात आठ दिवस एकच चर्चा होती: दुकानात परत आलेला संगणक स्वस्तात मिळतोय, तो घ्यायचा की नाही?

आम्ही दोघेही शिक्षक. राहतो भोरला. एकाची शाळा गावातच, दुसऱ्याची तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याला. प्रश्नपत्रिका उर्दूत करायच्या, मराठीतही करायच्या. थोरली अकरावीत. घरातला जुना संगणक विंडोज १० वर चालायचा आणि त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा.

शिल्लक होती ४५ हजार. त्यातूनच पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलायचे होते. पुण्यात नवा संगणक ४८ हजारांना होता. हप्त्यावर घ्यावा तर व्याज, ते आम्हाला नको. आणि त्याच दुकानात तोच संगणक, एका गिऱ्हाइकाने परत केलेला, ३४ हजारांना! पत्र्यांचे पैसेही उरत होते. आम्ही जवळजवळ ‘हो’ म्हणून आलो.

रात्री जेवताना दादीने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, “कुर्बानीचा बकरा घेताना डोळे बघता, दात बघता, लंगडतो का म्हणून चालवून बघता. मग हा परत आलेला का परत आला, ते विचारलंत का बेटा?”

विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फोन केला. “गिऱ्हाइकाला रंग आवडला नाही,” उत्तर आले. “मग बिलावर ‘परत आलेला माल’ असे लिहून द्या,” आम्ही म्हणालो. “सर, तसं कशाला? बिल नव्याचंच देतो की!”

आम्ही तिथेच थांबलो. वापरलेला माल नवा म्हणून विकणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण कायद्याच्याही आधी आम्हाला मदीनेच्या बाजारातला तो धान्याचा ढीग आठवला. हुजूर (स.) यांनी ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर आपण (स.) विचारले की, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? सहीह मुस्लिममधली ही हदीस आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! ओले धान्य विकायला मनाई नव्हती. मनाई होती ओल लपवायला.

आठवड्याने दुसऱ्या एका दुकानात असाच परत आलेला संगणक मिळाला, ४१ हजारांना. दुकानदाराने आपणहून सांगितले, “मागचा एक यूएसबी पोर्ट चालत नाही, म्हणून परत आला.” बिलावरही तसे लिहिले. तरी आम्ही तपासले. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांक जुळवला. वॉरंटी पहिल्या बिलाच्या तारखेपासून धरलेली, म्हणजे दहाच महिने उरले होते. ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घेतले. यंत्र दोन तास चालू ठेवले. एक ओळ मराठीत आणि एक उर्दूत टाइप केली. नस्तालीक अक्षरे नीट उमटली, तेव्हा थोरली हसली. माल सदोष निघाला तर परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घेतली. अशी मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ३० दिवस धरतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वाचकांनीही लिहून ठेवावा.

सात हजार जास्त गेले. पत्रे यंदा फक्त स्वयंपाकघरावरचे बदलू, बाकीचे पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जुना संगणक वेल्ह्याकडच्या एका मुलाला आम्ही चार हजारांना द्यायचे ठरवले होते. शनिवारी तो न्यायला येणार. शुक्रवारी रात्री पुसून ठेवताना थोरली म्हणाली, “अब्बा, तापला की हा आपोआप बंद पडतो, ते त्याला सांगितलंय ना?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. विंडोजचेही सांगितले नव्हते. त्याने विचारले नव्हते, एवढेच. त्या दुकानदारात आणि आमच्यात मग फरक काय उरला?

रात्रीच फोन लावून दोन्ही सांगितले. मुलगा क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “सर, अडीच हजारांना द्याल?”

दिला. दीड हजार गेले, पण त्या रात्री झोप शांत लागली. अलहम्दुलिल्लाह.