होडीतलं कार्पेट

मे महिना. संत चोखामेळा सागराचं पाणी पार आत सरलंय, म्हणून जुनी फायबरची होडी काठावर ओढून घेतली. खडकपूर्णेवरच्या या धरणाला चोखोबांचं नाव आहे. त्यांचं गाव मेहुणा राजा इथल्याच देऊळगाव राजा तालुक्यातलं. चोखोबांचं नाव उच्चारलं की मला अजूनही बरं वाटतं.

आज आतलं कार्पेट उपटलं. वरून नुसतं विटलेलं दिसायचं, खाली मात्र पाणी मुरून प्लायवूडचे थर सुटलेले. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. कार्पेट वरून वाळतं, खालची ओल तशीच राहते. भोई मंडळींच्या होडीत काही अंथरलेलं नसतं. डब्यानं पाणी उपसलं की झालं. त्यांचंच बरोबर आहे.

कुजका भाग कापून मरीन प्लाय बसवीन आणि कार्पेटऐवजी रंग देईन. खरं कष्टाचं काम जुना गोंद खरवडण्याचं. त्याचा ठिपका जरी राहिला, तरी तिथून रंगाचे पापुद्रे सुटतात. मग पॉलिशपेपर, इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेनचे दोन हात. पहिला हात ओला असतानाच बारीक चाळलेली वाळू भुरभुरवायची, म्हणजे ओला पाय घसरत नाही. हे सगळं सकाळच्या गारव्यात. तापल्या पृष्ठभागावर रंगाला फोड येतात.

रंग फिकट राखाडीच घेणार. आमच्या उन्हात गडद रंगावर अनवाणी पाय टेकवत नाही.