चोरबाजारातली चार मिनिटे

मुंबईला गेलेला माणूस परतताना काहीतरी घेऊन येतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला गेलो, तो मात्र घरातलेच एक जड ओझे काखोटीला मारून, आणि तेही थेट चोरबाजारात! साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात ही बातमी फुटली असती, तर मराठीच्या प्राध्यापकाने अखेर घरातली भांडी मोडीत काढली, असे सहकाऱ्यांनी खुशाल म्हटले असते.

ओझे होते एका प्रोजेक्टरचे. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, मामा बोटीवर नोकरीला होते. आठ मिलिमीटरची घरगुती फिल्म कोडॅकने १९३२ साली बाजारात आणली. आमच्या वाड्यात ती पोहोचायला १९६२ उजाडले. त्या वर्षी मामांनी अमेरिकेहून कॅमेरा आणि हे यंत्र आणले आणि दिवाळीत एक रीळ घेतले. पन्नास फूट फिल्म. सेकंदाला सोळा चित्रे धरली तर अवघी चार मिनिटे. त्या चार मिनिटांत माझी आजी आहे. पुढे दोन वर्षांनी ती गेली. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे होते.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णा एकदा सहज म्हणाले, ''आईचा चेहरा आठवतो रे. पण ती चालायची कशी, ते काही केल्या आठवत नाही.''

मी माळ्यावरून यंत्र काढले. २३० व्होल्टचे ११५ करणारा जुना ट्रान्सफॉर्मर जोडून बटण दाबले. मोटर नुसती घुमत राहिली, फिरेना. गावातल्या दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता निदान केले : ''जळली. भंगारात घाला.'' रीळ कुठेतरी देऊन संगणकावर उतरवून घेता आले असते. पण अण्णांना ते त्या यंत्राच्या खडखडाटासकट, भिंतीवरच पाहायचे होते.

मुंबई सेंट्रलला एस.टी.तून उतरलो आणि लोकलने पुढच्याच ग्रँट रोड स्टेशनावर आलो. तिथून पूर्वेला निघणारा मौलाना शौकत अली रस्ता म्हणजे जुना ग्रँट रोड. मराठीच्या मास्तराने इथून जरा मान लववूनच जावे. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ साली याच रस्त्यावरच्या नाट्यगृहात आपली नाटके मुंबईकरांना दाखवली. पुढे नाटकगृहे वाढली, 'प्ले हाउस'चे लोकांच्या तोंडी 'पिला हाउस' झाले, आणि कालांतराने तिथे सिनेमाचे पडदे लागले. शेजारच्या फॉकलंड रोडला आज पठ्ठे बापूरावांचे नाव आहे. हातातले ओझे बदलत मी दो टाकी गाठली आणि मटन स्ट्रीटमध्ये शिरलो.

नाव मटन स्ट्रीट. दिसतात मात्र ग्रामोफोनचे कर्णे, बोटींवरचे कंदील, बंद पडलेली घड्याळे, हंड्याझुंबरे आणि सिनेमांची जुनी पोस्टरे. शुक्रवारी इथे रस्त्यावरच जुना बाजार भरतो. ती गर्दी टाळून मी बुधवारी गेलो होतो. विचारत विचारत एका कपाटाएवढ्या दुकानाशी पोहोचलो. आत एक वृद्ध चाचा भिंग डोळ्याला लावून बसले होते. मी माझे मोडकेतोडके हिंदी सुरू केले, तर ते म्हणाले, ''मराठीत बोला, मास्तर. मी श्रीवर्धनचा.''

माझी हकिकत ऐकून त्यांनी विचारले, ''फिल्म आणलीय?'' मी उत्साहाने डबी पुढे केली. ''ती आधी पिशवीत घाला. मोटर धड चालेपर्यंत फिल्म यंत्राला दाखवायचीसुद्धा नाही!''

कारण मला मागाहून कळले. एकेक चित्र त्या प्रखर दिव्यापुढे क्षणभरच थांबते, म्हणून वाचते. मोटर अडली, की तेवढ्या अवधीत ते फुगून वितळते. माझ्या उतावळेपणाने आजीच जळाली असती.

चाचांनी वायरीत एक साधा दिवा जोडला. मोटरमध्ये कुठे वायर भिडली असेल, तर दिवा भगभगतो आणि यंत्र वाचते. मग त्यांनी मोटरवरचा पट्टा काढला आणि बटण दाबले. मोटर फिरली! सावकाश, ठिणग्या टाकीत; पण फिरली.

''जळलेली नाही. बांधून घातलेली आहे,'' चाचा म्हणाले. त्यांनी यंत्राचा खटका मला हाताने फिरवायला सांगितला. तो हलेना. साठ वर्षांत ग्रीसची लाख झाली होती.

दोन तास ते पिना आणि स्पिरिट घेऊन बसले. मोटरमधले कार्बनचे दोन तुकडे काढताना त्यांनी कुठला कुठल्या बाजूचा, ते खुणा करून ठेवले; झिजून त्यांना आलेला बाक जिथल्या तिथेच बसतो. ते ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात, त्या काळ्या पडल्या होत्या, त्या पुसल्या. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. ''आणखी घाला की,'' मी म्हटले. चाचांनी हात आखडला. ''जास्तीचे तेल कार्बनवर जाते, फिल्मवर उडते. उपाशी माणसाला एकदम श्रीखंड वाढतात का, मास्तर?''

पैसे त्यांनी ठणठणीत घेतले. घासाघीस करू पाहणाऱ्या मला वर ताकीद दिली : महिन्यातून एकदा यंत्र पाच मिनिटे रिकामे फिरवा, आणि एक रीळ झाले की मोटर निवू द्या.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिंतीवर अण्णांचे धोतर ताणून बसवले. खडखडाट सुरू झाला. नऊवारीतली एक बाई पणती घेऊन ओसरीवरून आली, भरभर, जरा डाव्या अंगाला झुकत. उंबऱ्याशी थबकली आणि वळून काहीतरी बोलली. आवाज अर्थातच नाही. चार मिनिटे संपली.

''पुन्हा लाव,'' अण्णा म्हणाले.

''मोटर निवायला हवी, अण्णा.''

दिवा लावायचे कुणाला सुचले नाही. त्या काळोखात अण्णा आईविषयी बोलू लागले. तिचे ताक, तिचा धाक, तिने डाव्या पायाला बांधलेली फडकी. एवढे ते मला आयुष्यात कधी बोलले नव्हते. मोटर केव्हाच निवली होती. मी मात्र बटणाकडे हात नेला नाही.