श्रुतलेखन आणि समज

प्रौढ विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी श्रुतलेखनाचे उतारे निवडताना मी दैनंदिन समाजव्यवहाराचेच विषय घेतो : एसटीची रांग, रेशनचे दुकान, शेजारधर्म. या निवडीमागे भाषावैज्ञानिक कारण आहे.

सलग बोलण्यात दोन शब्दांमध्ये लेखनासारखी मोकळी जागा नसते. ती ऐकणाऱ्याला स्वतः पाडावी लागते. ‘अ नेम’ म्हणजे एक नाव, ‘अॅन एम’ म्हणजे एक उद्दिष्ट. ओघात दोन्हींचे उच्चार जवळजवळ सारखेच होतात. निवाडा संदर्भ करतो. प्रसंग परिचित असेल, तर हा निवाडा सोपा जातो.

चुकाही एका जातीच्या नसतात. ‘अ नेम’च्या जागी ‘अॅन एम’ लिहिणे ही संदर्भाची चूक. इंग्रजीत पश्चिम दिशा आणि बनियन यांचे आद्य ध्वनी भिन्न आहेत; आपण मात्र दोन्हींना ‘वेस्ट’च म्हणतो. तेथील गोंधळ कानाचा. ‘नेबर’मधील अनुच्चारित अक्षरे गाळणाऱ्याने तर शब्द अचूक ऐकलेला असतो, त्याची चूक केवळ वर्णलेखनाची.

लाल शाई हा भेद दाखवीत नाही. संसार, नोकरी सांभाळून पुन्हा वही हाती घेतलेला विद्यार्थी त्या खुणा मोजतो आणि ‘इंग्रजी आपल्यासाठी नाही’ असे ठरवून मोकळा होतो. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

विद्यार्थी मित्रहो, पुढील उतारा तपासताना प्रत्येक चुकीपुढे लिहा : कान, संदर्भ की वर्णलेखन? चुकांची संख्या तीच राहील. परंतु उद्या कशाचा सराव करायचा, हे तुम्हांला कळलेले असेल.